ब्रॅकिओपॉड: बाहेरून फसवणारे, आतून ओळखू येणारे

खडकवेडा

जीवाश्मांच्या फोटोंखाली सर्रास 'शिंपला' असं लिहिलेलं असतं. त्यांतले पुष्कळसे शिंपले नसतातच, ब्रॅकिओपॉड असतात. दोन झडपा, समुद्रात वास, पाण्यातले कण गाळून खाणं, एवढं साम्य असल्यावर गल्लत होणारच. एकोणिसाव्या शतकात बराच काळ अभ्यासकही त्यांना मृदुकाय, म्हणजे शिंपले-गोगलगायींच्या गटातल्या प्राण्यांतच धरत होते. आज तो एक स्वतंत्र संघ मानला जातो. जिवंत जाती जेमतेम चारशेच्या घरात, पण जीवाश्मरूपात नोंदल्या गेलेल्या जाती बारा हजारांच्या वर. म्हणजे या प्राण्यांची खरी कहाणी खडकांतच आहे, म्हणून हा धागा.

आधी शिंपला आणि ब्रॅकिओपॉड यांतला फरक. शिंपल्याच्या झडपा डावी आणि उजवी अशा असतात. त्या सहसा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दिसतात, पण एकच झडप हातात घेतली तर ती एका अंगाला कललेली असते. ब्रॅकिओपॉडच्या झडपा पृष्ठीय आणि अधर, म्हणजे पाठीची आणि पोटाची. दोन झडपा एकमेकींसारख्या नसतात. अधर झडप बहुधा मोठी आणि मागच्या टोकाला चोच असलेली. मात्र कोणतीही एक झडप घेऊन चोचीपासून पुढच्या कडेपर्यंत मधोमध रेघ ओढली, की दोन्ही बाजू जुळतात. कालवांच्या झडपा वेड्यावाकड्या असतात आणि काही ब्रॅकिओपॉडही वाकडे वाढतात, त्यामुळे ही खूण शंभर टक्के चालत नाही. तरी दहापैकी नऊ वेळा काम भागतं.

आता आतली रचना. झडपांच्या आतून प्रावाराचं, म्हणजे कवच घडवणाऱ्या मऊ त्वचेच्या पडद्याचं, अस्तर असतं, आणि प्रावाराच्या कडेला कायटिनचे बारीक ताठ केस. मागच्या भागात छोटीशी देहगुहा: तिच्यात स्नायू, पचनसंस्था, उत्सर्जन नलिका. उरलेली सगळी पुढची जागा म्हणजे प्रावारगुहा, आणि ती जवळजवळ पूर्ण व्यापून बसलेला असतो लोफोफोर. दोन बाजूंना वळलेले दोन बाहू, त्यांवर संस्पर्शकांची रांग, संस्पर्शकांवर सतत हलणारे रोमक, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू. रोमकांच्या हालचालीने पाणी आत ओढलं जातं, अन्नकण अडकतात आणि बाहूवरच्या खाचेतून तोंडाकडे सरकतात. श्वसनही बऱ्याच अंशी इथेच. पिलात लोफोफोर साधा कड्यासारखा असतो, मग त्याला मध्ये खाच पडते, आणि पुढे गटागटाप्रमाणे तो घड्या घालतो किंवा सर्पिल गुंडाळला जातो. जागा तेवढीच ठेवून संस्पर्शकांची संख्या वाढवायची, यासाठीच हा सगळा खटाटोप.

देठ हा दुसरा महत्त्वाचा अवयव. बहुतेक जिवंत जाती देठाने खडकाला चिकटलेल्या असतात. काहींत तो अधर झडपेच्या चोचीतल्या भोकातून बाहेर येतो, लिंग्युलासारख्यांत दोन झडपांच्या मधून, आणि काहींत देठच नसतो.

स्नायूंचं काम मला सगळ्यात सुंदर वाटतं. शिंपल्यात झडपा मिटायला स्नायू असतात, उघडायला मात्र लवचीक बंध. प्राणी मेला की स्नायू सैल पडतात आणि बंध झडपा उघडतो. बिजागरीवाल्या ब्रॅकिओपॉडमध्ये मिटायलाही स्नायू आणि उघडायलाही स्नायू. पृष्ठीय झडपेला बिजागरीच्या रेषेच्या मागे एक उंचवटा असतो. उघडणारे स्नायू अधर झडपेच्या तळापासून निघून या उंचवट्याला जोडलेले असतात. ते आकसले की उंचवटा खाली ओढला जातो आणि सी-सॉसारखी झडपेची पुढची बाजू वर उचलली जाते. मेल्यावर उघडणारं कुणी उरत नाही. म्हणून खडकात ब्रॅकिओपॉडच्या दोन्ही झडपा मिटलेल्या अवस्थेत इतक्या वारंवार सापडतात, आणि शिंपले बहुधा सुट्या झडपांच्या रूपात.

वर्गीकरणाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, नाहीतर फार लांबेल.

---

ओहोटी

सुरेख सुरुवात. स्नायूंबद्दल एक भर घालते. हे स्नायू झडपेच्या आतल्या बाजूवर ठसे सोडतात. पृष्ठीय झडपेवर मिटणाऱ्या स्नायूंचे चार ठसे दिसतात, अधर झडपेवर दोन, त्यांना लागून उघडणाऱ्या स्नायूंचे मोठे ठसे. प्रावारातून जाणाऱ्या नलिकांचेही फांद्याफांद्यांचे ठसे राहतात. अनेक बिजागरीवाल्या जातींत जननग्रंथी या नलिकांतच पसरलेल्या असतात. तेव्हा चांगल्या जीवाश्मात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याच्या जननग्रंथी कुठे होत्या तेसुद्धा सांगता येतं. सुटी झडप सापडली तर आधी ती उलटी करून बघा, बाहेरच्या नक्षीत अडकू नका.

---

खडकवेडा

@ओहोटी, अगदी हेच या धाग्यात सांगायचं आहे. वर्गीकरण बाहेरच्या आकारावर उभं नाही. ते कवचाचं रसायन, बिजागरी, देठाची वाट, पचनमार्ग आणि लोफोफोरला दिलेला आधार यांवर उभं आहे.

सध्या प्रचलित असलेली मांडणी 1996 ची, अल्विन विल्यम्स आणि सहकाऱ्यांची. संघाचे तीन उपसंघ.

लिंग्युलिफॉर्मिया. कवच कॅल्शियम फॉस्फेट आणि सेंद्रिय पदार्थांचं, थरावर थर असलेलं. बिजागरीचे दात नाहीत. पचनमार्ग दोन्हीकडे उघडा, म्हणजे गुदद्वार आहे. लिंग्युला आणि ग्लॉटिडिया वाळूत-चिखलात उभं बीळ करून राहतात. डिस्किना कुळातले खडकाला चिकटतात, त्यांची वरची झडप चपट्या शंकूसारखी आणि देठ खालच्या झडपेतल्या फटीतून येतो. नामशेष गटांत अ‍ॅक्रोट्रेटिड माझे आवडते. ते मिलिमीटरभराचे असतात, नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. चुनखडीचा तुकडा सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात ठेवला की चुनखडी विरघळते, फॉस्फेटचं कवच टिकतं, आणि गाळात हे इवले शंकू मिळतात.

क्रेनिफॉर्मिया. कवच कॅल्साइटचं (कॅल्शियम कार्बोनेटचं एक खनिज), पण दात-खोबणी नाही आणि देठही नाही. नोव्होक्रेनिया अधर झडपेनेच खडकाला कायमची चिकटते. गुदद्वार आहे, मागच्या बाजूला मधोमध. यातलेच ट्रायमेरेलिड ऑर्डोव्हिशियन-सिल्युरियन काळातले (जुन्याकडून नव्याकडे भूकालखंड असे: कँब्रियन, ऑर्डोव्हिशियन, सिल्युरियन, डेव्होनियन, कार्बोनिफेरस, पर्मियन, ट्रायासिक, ज्युरासिक), जाडजूड कवचाचे, आणि त्यांचं कवच अ‍ॅरागोनाइटचं होतं. रसायन कॅल्साइटचंच, पण खनिज वेगळं; संपूर्ण संघात हे वेगळेपण उठून दिसतं.

रिंकोनेलिफॉर्मिया. बाकी सगळा पसारा इथे. कवच कॅल्साइटचं, अधर झडपेवर दोन दात आणि पृष्ठीय झडपेवर दोन खोबणी. जिवंत जातींत आतडं बंद पिशवीसारखं, गुदद्वार नाही. संघातल्या बहुसंख्य जाती, जिवंत आणि नामशेष दोन्ही, या उपसंघात येतात.

---

अनभिज्ञ_वाचक

गुदद्वारच नाही म्हणजे मग विष्ठेचं काय होतं? आणि असं का झालं असेल?

---

खडकवेडा

न पचलेला भाग श्लेष्मात गुंडाळून छोट्या गोळ्या होतात आणि त्या तोंडावाटेच बाहेर पडतात. पुढे पाण्याचा बाहेर जाणारा प्रवाह त्यांना घेऊन जातो. त्यांचे पूर्वज गुदद्वार असलेले होते आणि या शाखेत ते नाहीसं झालं, असं सर्वसाधारणपणे मानतात. 'का' याला सगळ्यांनी मान्य केलेलं एकच उत्तर नाही. एवढं दिसतं, की थोडंच आणि बारीक निवडलेलं अन्न घेणाऱ्या, संथ चयापचयाच्या प्राण्याचं यात काही अडत नाही.

---

शंखिनी

आमच्या वेळी आर्टिक्युलेटा आणि इनआर्टिक्युलेटा असे दोनच वर्ग शिकवले होते. बिजागरी असलेले आणि नसलेले. ते सोपं होतं, लक्षात राहायचं. मैदानात नमुना हातात आला की आजही मी आधी तेच बघते. तीन उपसंघांनी नेमकं काय साधलं?

---

खडकवेडा

हे विभाजन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ हक्स्लीने 1869 मध्ये दिलं आणि सव्वाशे वर्षं टिकलं, ते उपयोगी होतं म्हणूनच. मैदानात तुम्ही ते वापरता यात काहीच वावगं नाही. अडचण इनआर्टिक्युलेटा या गटात आहे. 'बिजागरी नाही' हे अभावाचं लक्षण आहे. त्या एका अभावापायी फॉस्फेटचं कवच, लांब देठ आणि बिळात राहणारी लिंग्युला, आणि कॅल्साइटचं कवच असलेली, देठ नसलेली, खडकाला चिकटलेली क्रेनिया एकाच टोपलीत पडत होत्या. डिंभही, म्हणजे पिलांची पहिली पोहणारी अवस्थाही, वेगळे. लिंग्युलाचं पिलू कवचासह पोहतं, पाण्यातलं अन्न खातं आणि बराच काळ तरंगत दूरवर जातं. क्रेनियाचा डिंभ अंड्यातल्या पिवळ्यावरच जगतो आणि लवकर तळाला बसतो. वेगळा उपसंघ केल्याने क्रेनियाला तिची जागा मिळाली. क्रेनिया नेमकी कुणाच्या जवळची, लिंग्युलाच्या की बिजागरीवाल्यांच्या, यावर मात्र अजून वाद चालू आहे.

माझं स्पष्ट मत आहे की नव्या विद्यार्थ्यांना दोन वर्गांची मांडणी इतिहास म्हणून सांगावी, वर्गीकरण म्हणून नाही.

---

शंखिनी

पटलं. तरी मी म्हणेन की उपसंघ कवचाच्या रसायनावर ठरवणंही धोक्याचं आहे. ट्रायमेरेलिडचं अ‍ॅरागोनाइट तुम्हीच सांगितलंत. शिवाय खडकात कवचाचं मूळ खनिज बदलून जातं. कॅल्साइटच्या जागी सिलिका आली तर काय करायचं?

---

ओहोटी

सिलिका आली तर उलट चांदीच! टेक्सासच्या पश्चिम भागातल्या ग्लास पर्वतांतल्या पर्मियन चुनखडीचं उदाहरण घ्या. तिथल्या कवचांच्या जागी सिलिका आली आहे. अमेरिकेतल्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या जी. आर्थर कूपर यांनी ती चुनखडी टनावारी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवली. चुनखडी गेली आणि सिलिकाची कवचं सुटी झाली, केसाएवढ्या बारीक काट्यांसकट, आतल्या सर्पिलांसकट. हातोडीने फोडून हे कधीच मिळालं नसतं. कूपर आणि रिचर्ड ग्रँट यांनी 1970 च्या दशकात त्यावर अनेक खंडांचं काम प्रसिद्ध केलं. उत्पादिड गटाचे काटे नेमके कसे आणि कुठे होते, हे त्यामुळे डोळ्यांनी बघता आलं.

तुमचा मूळ मुद्दा बरोबर आहे. एका लक्षणावर कुणीच उपसंघ ठरवत नाही. खनिज, कवचाची सूक्ष्मरचना, स्नायू, देठ, डिंभ, सगळं एकत्र बघतात.

---

मातीचा_माणूस

'उत्पादिड' म्हणजे प्रॉडक्टिड ना? भाषांतर न करता मूळ नावच ठेवू या, नाहीतर शोधणाऱ्याला सापडायचं नाही.

---

ओहोटी

हो, प्रॉडक्टिड. यापुढे तसंच लिहिते.

---

सूक्ष्मदर्शी

रिंकोनेलिफॉर्मियाच्या गणांबद्दल लिहा ना. परीक्षेला नावांची यादी पाठ केली होती, पण नमुना समोर ठेवला की ऑर्थिड कोणता आणि स्ट्रोफोमेनिड कोणता, काही सुचत नाही.

---

खडकवेडा

यादी पाठ करून ओळखता येणार नाहीत. दोन प्रश्न विचारत जा. पहिला: मागची कड सरळ आणि लांब आहे, की आखूड आणि वळलेली? दुसरा: आत लोफोफोरला कसला आधार आहे?

मागची कड सरळ आणि लांब असेल तर ऑर्थिड, स्ट्रोफोमेनिड, प्रॉडक्टिड किंवा स्पिरिफेरिड यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता जास्त. ऑर्थिड सगळ्यांत साधे: दोन्ही झडपा फुगीर, बारीक पन्हळ्या, आणि देठासाठी मागे त्रिकोणी उघडी फट. कँब्रियनपासून पर्मियनपर्यंत होते. स्ट्रोफोमेनिडमध्ये एक झडप फुगीर आणि दुसरी तिच्याच आत वाकलेली, मध्ये जिवाला राहायला अगदी चिंचोळी जागा. बहुतेक प्रौढांत देठ निकामी. ते तळावर नुसते पडून राहत.

प्रॉडक्टिड त्यांचेच नातलग. अधर झडप खोलगट वाटीसारखी, पृष्ठीय झडप झाकणासारखी सपाट किंवा आत दबलेली, आणि अंगावर पोकळ काटे. मऊ चिखलात बुडू नये म्हणून काहींना हे काटे आधार देत, काहींचे काटे आसपासच्या वस्तूंना पकडून ठेवत. कार्बोनिफेरस काळातला जायगँटोप्रॉडक्टस 30 सेंटिमीटरपेक्षा रुंद होत असे. संघातला हा सर्वांत मोठा. पर्मियनमधल्या रिक्थोफेनियाने तर कमाल केली. अधर झडप उंच शंकू झाली, पृष्ठीय झडप आत झाकणासारखी बसली, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो एकांडा प्रवाळच वाटावा. आकाराने किती फसवावं याला मर्यादा नाही. हा ब्रॅकिओपॉड आहे हे कळतं ते आतल्या रचनेवरूनच.

स्पिरिफेरिडची बिजागरी खूप लांब, काहींत दोन्हीकडे पंख फुटल्यासारखी टोकं. आत लोफोफोरसाठी कॅल्साइटच्या दोन सर्पिल फिती, त्यांची टोकं बाहेर, दोन्ही बाजूंना वळलेली.

आता आखूड बिजागरीवाले. रिंकोनेलिड: गच्च, गोलसर, ठळक पन्हळ्या, झडपा जिथे मिळतात ती रेषा नागमोडी. लोफोफोर सर्पिल, पण आधाराला फक्त हुकासारख्या दोन आखूड आकड्या. टेरेब्रॅट्युलिड: बहुतेक गुळगुळीत, लंबगोल, चोचीत गोल भोक, आणि आत फितीचा बंद फास. काहींत हा फास आखूड, काहींत लांब आणि मागे दुमडलेला. पेंटॅमेरिडमध्ये अधर झडपेत चमच्यासारखा उंचावलेला भाग असतो, त्यावर स्नायू चिकटत. मधली उभी भिंत दगडाच्या छेदात लगेच दिसते. ते डेव्होनियनअखेर संपले. अ‍ॅट्रिपिड आणि अ‍ॅथिरिडिड बाहेरून टेरेब्रॅट्युलिड किंवा रिंकोनेलिड वाटू शकतात, पण आत सर्पिलं निघतात.

---

सूक्ष्मदर्शी

हे झकास. पण माझ्याकडचे नमुने मिटलेले आहेत आणि आत दगड भरलेला आहे. आत कसं बघायचं?

---

खडकवेडा

जुनी पद्धत क्रमवार घासण्याची. नमुना चोचीच्या बाजूने घासायला घ्यायचा. मिलिमीटरचा काही दशांश भाग गेला की पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, सौम्य आम्लाने किंचित खायचा, अ‍ॅसिटोन टाकून त्यावर अ‍ॅसिटेटची पातळ फिल्म बसवायची. वाळल्यावर ती सोलली की छेदाची हुबेहूब नक्कल फिल्मवर येते. मग पुन्हा घासायचं. अशा फिल्मांची रांग लावली की फास कुठे सुरू होतो, सर्पिलाचे किती वेढे आहेत, हे सगळं जुळवता येतं. शेवटी नमुना संपून जातो, म्हणून आधी सर्व बाजूंनी फोटो आणि मापं घ्या, जमल्यास साचाही. हल्ली सूक्ष्म सीटी स्कॅनने नमुना न मोडता बघता येतं, पण आतली भरण आणि कवच दोन्ही कॅल्साइटची असली की क्ष-किरणांना फरक दिसत नाही आणि चित्र धूसर येतं. तिथे अजून घासण्याची पद्धतच चालते.

एकच नमुना असेल तर घासू नका. तो कुठे, कोणत्या थरात मिळाला हे लिहून जपून ठेवा.

---

ओहोटी

घासण्याआधी भिंगाने कवचाचा पृष्ठभाग बघा. झिजलेल्या जागी सारख्या अंतरावर सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसले तर कवच सच्छिद्र आहे. त्या छिद्रांत जिवंतपणी प्रावाराची बारीक बोटं शिरलेली असतात. टेरेब्रॅट्युलिड सच्छिद्र असतात, रिंकोनेलिड जवळजवळ सगळे छिद्रांविना. स्ट्रोफोमेनिडमध्ये छिद्रांचा नुसता आभास असतो. तिथे कवचाच्या आत कॅल्साइटच्या बारीक काड्या असतात, झिजल्यावर त्यांचे ठिपके दिसतात. अर्धं काम दहापट भिंगाने होतं.

---

मातीचा_माणूस

लिंग्युला 'जिवंत जीवाश्म' आहे, कँब्रियनपासून बदललेली नाही, असं सगळीकडे वाचतो. खरं आहे का?

---

खडकवेडा

कवचाची बाह्यरेखा फारशी बदलली नाही एवढंच खरं. पुन्हा तोच बाहेरच्या आकाराचा सापळा. जुन्या लिंग्युलिडांच्या आतले स्नायूंचे ठसे आणि नलिकांची मांडणी आजच्या लिंग्युलाहून वेगळी आहे, आणि पुराजीवी (कँब्रियन ते पर्मियन काळातल्या) खडकांतल्या ज्या जीवाश्मांना पूर्वी सरसकट लिंग्युला म्हणत, त्यांना आता वेगळ्या प्रजातींत टाकलं आहे. 2015 मध्ये लिंग्युला अ‍ॅनाटिनाचा जीनोम प्रसिद्ध झाला, त्यातही जनुकं थिजून राहिल्याची चिन्हं नाहीत. जनुकांची कुटुंबं चांगली वाढलेली आणि बदललेली आहेत.

तिचं जगणं मात्र बघण्यासारखं आहे. बिजागरी नसल्याने झडपा कात्रीसारख्या एकमेकींवर सरकवता येतात. त्या हालचालीने ती पुढच्या टोकाने वाळूत घुसते, खाली जाते आणि वळून पुन्हा वर येते. देठ बिळाच्या तळाशी रुतवते. वर कडेच्या केसांच्या तीन नळ्या होतात: बाजूच्या दोनमधून पाणी आत, मधल्यातून बाहेर. सावली पडली किंवा धक्का लागला की देठ आकसतो आणि प्राणी झटकन खाली ओढला जातो. झडपा उघडायला उचलणारा स्नायू नसतोच. देहगुहेतल्या द्रवाच्या दाबाने त्या उघडतात.

---

शंखिनी

मग या संघाचे जवळचे नातलग कोण?

---

ओहोटी

यावर मतं खूप फिरली आहेत. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांना ते वलयी कृमींजवळचे (गांडूळ-जळवांच्या गटाजवळचे) वाटत. ब्रॅकिओपॉडच्या अभ्यासासाठीच ते 1877 मध्ये जपानला गेले, आणि रेल्वेतून जाताना त्यांना ओमोरीचा शिंपल्यांचा ढीग दिसला. जपानच्या पुरातत्त्वशास्त्राची सुरुवात त्या उत्खननापासून मानतात! पुढे विसाव्या शतकात बराच काळ भ्रूणविकासावरून ब्रॅकिओपॉडना काटेकवची (तारामासे वगैरे) आणि पृष्ठरज्जू असलेल्यांच्या फांदीजवळ ठेवत. 1995 च्या रायबोसोमच्या आरएनएवरच्या अभ्यासाने ते मृदुकाय आणि वलयी यांच्या मोठ्या गटात आले, त्याला लोफोट्रोकोझोआ म्हणतात. सगळ्यांत जवळचे बहुधा फोरोनिड, तेही लोफोफोरवाले, नळीत राहणारे. काहींनी तर फोरोनिडांना ब्रॅकिओपॉडांचाच उपसंघ करावं असं सुचवलं होतं, पण ते सर्वमान्य झालं नाही.

---

अनभिज्ञ_वाचक

शिंपल्यांनी स्पर्धेत ब्रॅकिओपॉडना हरवलं असं ऐकलं होतं. म्हणून आता इतके कमी उरलेत का?

---

खडकवेडा

ही समजूत खूप पसरलेली आहे. गूल्ड आणि कॅलोवे या पुराजीवशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये दोन्ही गटांच्या प्रजातींची कालानुसार गणती मांडून तिला आव्हान दिलं. एक गट हळूहळू वाढतोय म्हणून दुसरा हळूहळू घटतोय, असं चित्र त्यात दिसलं नाही. निर्णायक घाव बसला तो 25.2 कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनअखेरच्या महाविनाशात. प्रॉडक्टिड, ऑर्थिड आणि खरे स्पिरिफेरिड त्यातच गेले. प्रॉडक्टिडांचे मोजके वंशज ट्रायासिकच्या सुरुवातीला दिसतात आणि तेही संपतात. शिंपल्यांनाही फटका बसला, पण ते पुढे झपाट्याने वाढले. ब्रॅकिओपॉडना ते जमलं नाही. स्पर्धेचा काहीच वाटा नव्हता असं मी म्हणणार नाही, पण 'हरवलं' हा शब्द पुराव्यापेक्षा पुढे जातो.

आज पाच गण शिल्लक आहेत: लिंग्युलिडा, क्रेनिडा, रिंकोनेलिडा, टेरेब्रॅट्युलिडा आणि थेसिडिडा. थेसिडिडा हे इवलेसे, देठ नसलेले, प्रवाळखडकांच्या कपारीत अंधारात चिकटून राहणारे. ट्रायासिकमध्ये ते प्रथम दिसतात, आणि ते नेमक्या कोणत्या शाखेतून आले यावर फार वाद झालेत. जिवंत जातींत टेरेब्रॅट्युलिड बहुसंख्य. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या खाड्यांतली मॅजेलेनिया व्हेनोसा आजच्या जातींत सर्वांत मोठी.

@सूक्ष्मदर्शी, तुमच्या नमुन्यांचे फोटो टाका. चोचीच्या बाजूने, पुढच्या कडेकडून आणि दोन्ही झडपांचे, असे चार. बाजूला मोजपट्टी ठेवा, आणि झिजलेल्या भागाचा भिंगातून एक.

---

सूक्ष्मदर्शी

उद्या उजेडात काढून टाकते. भिंगातून आत्ताच पाहिलं: तीन नमुन्यांवर बारीक ठिपके आहेत, चौथ्यावर अजिबात नाहीत, आणि त्या चौथ्याच्या पन्हळ्या ठळक आहेत.

---

ओहोटी

मग चौथा रिंकोनेलिड असण्याची शक्यता बरीच. पण अ‍ॅट्रिपिडही छिद्रांविना आणि पन्हळीदार असतात. थर कोणत्या काळाचा ते सांगा. डेव्होनियननंतरचा असेल तर अ‍ॅट्रिपिड लगेच बाद होतील.

---

सूक्ष्मदर्शी

ज्युरासिक.

---

ओहोटी

मग रिंकोनेलिडच धरा. पुढची कड नागमोडी आहे का तेवढं फोटोत दिसू द्या.